अठरा शुभेच्छुक आणि एक सेमीफायनल

मॅचच्या आधी अभिनंदनाचा फ्लेक्स छापायचा नसतो, हे पंढरी भोईरांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. पाणीखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. नळाला पाणी येण्याआधी बादली भरली म्हणू नये, एवढं तो जाणत होताच. पण धनेशने त्यांना पेचात पकडलं.

धनेश हा बाळकुम नाक्यावरचा फ्लेक्सवाला. तो म्हणाला, "काका, शनिवारपासून आपलं मशीन हळदीला लागणार. सोळा हळदी आहेत आणि आगऱ्याची हळद बॅनरशिवाय लागत नाही, हे तुम्हाला मी सांगू? काय छापायचं ते शुक्रवारी छापा. नायतर डायरेक्ट पुढच्या महिन्यात."

"पण सेमीफायनल शनिवारी आहे रे. फायनल रविवारी."

"मग? जिंकणार नाहीत काय?"

आता ज्याची सख्खी मुलगी टीमची गोलकीपर आहे, त्या बापाला असा प्रश्न विचारल्यावर तो काय बोलणार? पंढरीशेठनी छाती काढली आणि म्हणाले, "छाप!"

तर टीम होती ठाण्याच्या एका कॉलेजची, मुलींची हॉकीची. आजवर या टीमने पहिल्या फेरीपलीकडचं मैदान पाहिलेलं नव्हतं. यंदा पोरींना काय झालं कोण जाणे, एकामागून एक मॅचेस मारत त्या पुण्याला राज्यस्तरीय स्पर्धेच्या सेमीफायनलला जाऊन धडकल्या. गोलपोस्टमध्ये उभी होती समृद्धी पंढरी भोईर, मुक्काम बाळकुम, अकरावा मजला. ज्या टॉवरमध्ये हा अकरावा मजला होता तो भोईरांच्याच भातशेतावर उभा होता. लिफ्टमध्ये कुणी नवीन भाडेकरू भेटला की पंढरीशेठ त्याला न चुकता सांगत, "तुम्ही उभे आहात ना, तिथे आमची विहीर होती." भाडेकरू दचकून बाजूला सरके.

पण त्याच लिफ्टमध्ये समृद्धीला बंदी होती. म्हणजे तिला नव्हती, तिच्या किटला होती. गोलकीपरचे पॅड, हेल्मेट, छातीचं चिलखत हे सगळं चार तास घामात भिजलं की त्याला जो वास सुटतो, त्यापुढे सुकटीची पाटी म्हणजे अत्तराची बाटली. सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस सर, डोंबिवलीहून आलेले निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लिफ्टमध्ये सुवाच्य अक्षरात नोटीस लावली होती : 'क्रीडासाहित्य मागील फाटकाने व सामानाच्या लिफ्टने न्यावे.' त्यामुळे पोरगी तीन वर्षं मागच्या फाटकाने घरात येत होती. पंढरीशेठना हे लागायचं. आपल्याच शेतात आपल्या लेकीने मागून यायचं! पण सेक्रेटरीशी भांडावं तर तो वाक्यागणिक नियम काढतो.

सेमीफायनल जवळ आली तसं सोसायटीचं मन बदललं. वास तोच होता, पण आता तो 'आपल्या समृद्धीचा' झाला. आणि फ्लेक्स निघणार म्हटल्यावर जो तो फोटो घेऊन हजर. आपल्याकडे अभिनंदनाच्या फ्लेक्सवर ज्याचं अभिनंदन त्याचा फोटो कोपऱ्यात असतो आणि करणाऱ्यांचे मोठे असतात, ही रीत आहे. ती पाळून धनेशने फ्लेक्स बनवला. वर भल्यामोठ्या लाल अक्षरांत 'विजेत्या लेकींचे हार्दिक अभिनंदन!' खाली उजव्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढा टीमचा फोटो, त्यात अठरा पोरी मुंग्यांसारख्या. आणि बाकी सगळ्या जागेत अठरा शुभेच्छुक. त्यात सतरा सोसायटीतले, डावीकडून तिसरे सबनीस सर (टायमध्ये), आणि मधोमध, सगळ्यात मोठे, गॉगल आणि गळ्यात चेन घातलेले पंढरीशेठ.

फक्त एका माणसाने फोटो द्यायला नकार दिला, तो व्हॅलेंटाईन. पंढरीचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारच्या ख्रिश्चन आळीतला. कधीकाळी कंपनीच्या टीममधून हॉकी खेळलेला. समृद्धीच्या हातात पहिली स्टिक त्यानेच दिली होती, स्वतःची जुनी, करवतीने कापून. "हॅट, मी काय मेलोय काय फोटो लावायला?" तो म्हणाला. "आणि पंढरी, मॅच खेळायच्या आधी कप पुसू नये मॅन."

पंढरीशेठनी ऐकलं नाही. उलट गुरुवारी चौकीवर जाऊन रविवारच्या 'विजयी मिरवणुकीचा' अर्ज देऊन आले, कारण अर्ज तीन दिवस आधी द्यावा लागतो. बेंजो पार्टी ठरवली. सोसायटीच्या पुढच्या फाटकावर फ्लेक्स चढवून वरच्या वर गुंडाळून, दोरीने बांधून ठेवला. वॉचमन गोविंदाला सांगून ठेवलं, "रविवारी आम्ही ओरडलो की दोरी सोडायची."

इथे एक बारीकशी चूक झाली. गोविंदाच्या लक्षात 'ओरडलो की' एवढंच राहिलं.

शनिवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये पडदा लावून मॅच सुरू झाली. पन्नास माणसं, पोह्यांचा टोप, आणि ज्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांचे सल्ले. "पास दे, पास दे!" "अगं, हाताने थांबव ना!" "तिला हाताने चालतं?" "ती गोलकीपर आहे, तिला सगळं चालतं." साठ मिनिटं झाली तरी दोन्हीकडे भोपळा. समृद्धीने अशा काही उड्या मारल्या की तिची आई जया, जी मॅचकडे पाठ करून बसली होती आणि दर मिनिटाला "काय झालं?" विचारत होती, ती शेवटी वळून बसली.

मग शूटआउट. म्हणजे समोरून एकेक पोरगी चेंडू घेऊन धावत येणार, आठ सेकंदांत गोल करायचा, आणि अडवायला एकटी गोलकीपर. दोन्ही टीमना पाच-पाच संधी. समोरच्यांच्या पहिल्या चारपैकी तीन समृद्धीने अडवल्या. तीन! एक तर अशी आडवी पडून काढली की सबनीस सर खुर्चीवर उभे राहिले आणि खाली कसं उतरायचं ते विसरले. पण आपल्या पोरींचाही पाचांत एकच गोल. बरोबरी. शेवटची राहिली ती समोरच्यांची. ती पोरगी आली, डावीकडे झुकली, समृद्धी पुढे झेपावली, आणि चेंडू तिच्या दोन पायांच्या मधून हळूच, अगदी पाहुण्यासारखा आत गेला.

दोन विरुद्ध एक. सीझन संपला.

क्लबहाऊसमधून जो आवाज उठला तो दुःखाचा होता. पण दुःखाचा आवाज आणि आनंदाचा आवाज, पन्नास माणसं एकदम ओरडली की बाहेरून सारखाच येतो. गोविंदाने दोरी सोडली.

सगळे माना खाली घालून बाहेर आले तर फाटकावर अठरा चेहरे हसत होते. समोरून जाणारा रिक्षावाला ओरडला, "अभिनंदन शेठ!" पंढरीशेठना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण खाली पार्किंगचे दोन मजले होते.

सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत पाऊस सुरू झाला. 'बॅनरवरून माझा फोटो काढावा ही विनंती.' 'सासरची माणसं या रस्त्याने जातात.' 'मी फोटो फक्त शेजारधर्म म्हणून दिला होता.' काल ज्यांनी 'माझा जरा वर घ्या' म्हणून धनेशच्या दुकानात धरणं धरलं होतं, तेच! एकानेही 'पोरी कशा आहेत' म्हणून विचारलं नाही. सोळा विनंत्या आल्या. सतरावे सबनीस सर स्वतः आले.

"भोईर, माझं वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले. "पण 'विजेत्या' ही तथ्यात्मक चूक आहे. तिच्याखाली माझा फोटो असणं मला शोभत नाही. मी चाळीस वर्षं चुका तपासल्यात."

"सर, काल तुम्हीच प्रूफ बघितलंत."

"काल ती चूक नव्हती," सबनीस सर म्हणाले.

फ्लेक्स उतरवावा तर चढवणारी माणसं हळदीचे बॅनर लावायला कल्याणला गेलेली, आणि उंच शिडीही त्यांच्याबरोबर. सोसायटीची शिडी फोटोंपर्यंतच पोचत होती. वरची 'विजेत्या'वाली ओळ हाताला लागेना. धनेशने पांढऱ्या स्टिकरचा एक रोल दिला. "तारीख चुकते ना लोकांची, त्यासाठी ठेवतो," तो म्हणाला. मग भर दुपारी पंढरीशेठ शिडीवर आणि व्हॅलेंटाईन शिडी धरून, असा माणसं झाकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एकेक शुभेच्छुक पांढऱ्याखाली गेला. सबनीस सर खालून सूचना देत होते : "टायचं टोक दिसतंय. तेही झाका."

"पंढरी, तू पण उतर आता," व्हॅलेंटाईन म्हणाला. "तुझाच चेहरा राहिलाय तिथे. एकटा हसतोय येड्यासारखा."

तेवढ्यात फोन वाजला. समृद्धी होती. टीमची बस पुण्याहून परत निघाली होती, वाटेत तिला बाळकुमला सोडणार होती, आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

"पप्पा, फाटकावर कोणी आहे?"

"नाय गं बाई. कोण असणार?"

"मी मागून येते. सामानाच्या लिफ्टने. प्लीज कुणाला थांबवू नका." मागे हॉर्न वाजत होते. "माझ्या पायातून गेला, पप्पा. मी जागेवर उभी राहिले असते ना, तर... सगळ्यांनी वर्षभर एवढं केलं आणि माझ्या पायातून गेला. मला नाय खेळायचं आता. ते किट विकून टाका."

ते किट कोण विकत घेणार होतं हा प्रश्न वेगळा, पण पंढरीशेठनी 'नीट ये' म्हणून फोन ठेवला. शिडीच्या पायरीवर बसकण मारून ते गॉगल पुसू लागले. गॉगल फ्लेक्सवरच्या फोटोत होता, हातात नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

लेक हरली याचं त्यांना दुःख होतंच, पण ती मागच्या फाटकाने येणार हे काळजात घुसलं. आज ती मागून आली, तर पुन्हा मैदानात जायची नाही. बापाला कळतं हे.

एवढ्यात त्यांची आई ठमाबाई काठी टेकत फाटकाशी आली. ऐंशी पार केलेली, उभं आयुष्य मिठागरात राबलेली म्हातारी. जयाने तिला सगळं सांगितलं होतं.

"पंढऱ्या, वाजाप कवा येतंय?"

"आये, वाजाप उद्याचं होतं. रद्द केलं. हरल्या पोरी."

"मंग?"

"मग काय? हरल्यावर कोण वाजवतं?"

म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "तू पोटात होतास. वैशाखात पाऊस आयला अन् आख्ख्या हंगामाचं मीठ एका दिसात इरघळून गेलं. चिमटीभर नाय राहिलं. तरी हंगाम संपल्यावर तुझ्या बापसानं ढोल-सनई लावली. मी बोलली, येडा झालास काय, मीठ कुठं हाय? त बोल्ला, मीठ नाय, पन पाय त हायेत? आठ महिने खाऱ्या पान्यात उभं राहून फुटलं ते. मिरवनूक त्यांची." मग तिने काठी उचलून फ्लेक्सवरच्या पंढरीशेठच्या चेहऱ्याकडे दाखवली. "अन् तू आधी ते तुझं थोबाड झाक. पोरी कोपऱ्यात अन् तू मदी!"

व्हॅलेंटाईन इतका हसला की शिडी हलली.

पंढरीशेठ उठले. आधी शिडीवर चढून त्यांनी स्वतःला झाकलं, गॉगल-चेनसकट. मग व्हॅलेंटाईनकडून जाड मार्कर मागितला. व्हॅलेंटाईनच्या खिशात वर्षभराच्या मॅचेसची वही असायची. त्याने एकेक नाव वाचलं आणि पंढरीशेठनी प्रत्येक पांढऱ्या चौकोनावर एकेक पोरीचं नाव लिहिलं. अठरा चौकोन, अठरा पोरी. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सबनीस सरांच्या जागी कॅप्टन शेरॉन आली. मधल्या सगळ्यात मोठ्या चौकोनावर, बापाच्या तोंडावर, लेकीचं नाव आलं.

अठराही नावं आपण सरळ अक्षरात लिहिली, असं ते आजही सांगतात. 'समृद्धी'तला 'स' मात्र वाकडा आहे.

मग बेंजोवाल्याला फोन. तो म्हणाला, "शेठ, संध्याकाळी ढोकाळीला हळद आहे. जाता जाता अर्धा तास वाजवतो, पण परवानगी पायजे." मग चौकी. तिथे करिश्मा मॅडम नावाच्या पोलीस शिपाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज काढला, वाचला, वर पाहिलं.

"काका, ही परवानगी उद्याची आहे."

"हो."

"आणि विजयी मिरवणुकीची आहे."

"हो."

"आणि तुम्हाला पाहिजे आजची. हरल्याची."

"हो," पंढरीशेठ म्हणाले. तिसरा 'हो' जरा बारीक निघाला.

मॅडमनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "धार्मिक आहे, राजकीय आहे, लग्न आहे, विजय आहे. हरल्याची मिरवणूक असा रकानाच नाही. 'इतर'मध्ये बसेल, पण त्याला परत तीन दिवस." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती अडवले म्हणालात तुमच्या मुलीने?"

"तीन. पाचातले तीन."

"मी कबड्डी खेळायचे," मॅडम म्हणाल्या. "जिल्ह्याची फायनल हरून आलेले, तेव्हा स्टँडवर घ्यायलासुद्धा कोणी आलं नव्हतं." त्यांनी अर्जाची घडी करून परत दिली. "बघा काका, पोरी फाटकाबाहेर उतरून तुमच्या घरी चालत गेल्या, तर त्याला परवानगी लागत नाही. आणि बेंजोवाले हळदीला निघालेत. ते फाटकापाशी हात साफ करत असतील, तर मला काय माहीत? रस्ता अडवायचा नाही. पाच वाजता माझी ड्युटी संपते. मी येते बघायला."

साडेपाचला बस आली. शीळफाट्याने कधी कुणाचं भलं केलं असेल तर त्या दिवशी. तो जाम झाला नसता तर अर्ध्या पोरींची नावं लिहायची राहिली असती. ड्रायव्हर बस मागच्या गल्लीत वळवायला लागला, तर वळणावर व्हॅलेंटाईन दोन्ही हात पसरून उभा. "पुढे! पुढच्या फाटकाने!" आणि बेंजो सुरू झाला.

समृद्धी सगळ्यात शेवटी उतरली. खांद्यावर किट, डोळे सुजलेले. तिने आधी बापाकडे रागाने पाहिलं. मग तिच्या मैत्रिणी थांबल्या होत्या तिकडे पाहिलं. सगळ्या पोरी माना वर करून फाटकावर आपापलं नाव शोधत होत्या. एकेकीला सापडत होतं. "अगं, मी बघ, सबनीस सरांवर!" शेरॉन ओरडली, कारण स्टिकरखालून टायचं टोक अजून दिसत होतं. आणि एकदम सगळ्या पोरी हसल्या. हरल्यापासूनचं पहिलं हसू ते.

"पप्पा, तुमचा फोटो कुठाय?" समृद्धीने विचारलं.

"तुझ्याखाली," पंढरीशेठ म्हणाले. "आणि मला तिथेच बरं वाटतंय."

ठमाबाई तांब्या घेऊन पुढे आली. "बूट काढ."

"आजी, नको गं. सगळे बघतायत."

"बघू दे की. काढ."

समृद्धीने बूट काढले, मोजे काढले. टाचा सोललेल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं. म्हातारी वाकली आणि तिने त्या पायांवर पाणी घातलं. "हेच ना पाय, ज्यातून गेला?" ती म्हणाली. "अन् ते तीन अडवलं, ते काय माझ्या पायानं?"

समृद्धी रडली. जयाही रडली. करिश्मा मॅडम साध्या कपड्यांत आल्या होत्या, त्या टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मग सकाळी फोटो मागे घेतलेले सगळे गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवायला लागले. दोघेतिघे खाली येऊन फ्लेक्सखाली उभे राहून मोबाइलवर फोटोही काढून घेऊ लागले. पंढरीशेठना एरवी राग आला असता. आज त्यांची मान अशी ताठ झाली होती की खालचं काही दिसतच नव्हतं.

"किट विकायचंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"प्रॅक्टिस जूनपासून आहे," समृद्धी नाक पुसत म्हणाली. "तोवर धुवावं लागेल."

ती सवयीने किट उचलून मागच्या वाटेला वळली. तेवढ्यात सबनीस सर पुढे झाले. त्यांनी तिच्या खांद्यावरचं किट स्वतःच्या खांद्यावर घेतलं, पुढच्या लिफ्टचं दार उघडलं, आतली नोटीस ओढून काढली आणि खिशात घातली. मग त्यांनी खोल श्वास घेतला आणि तो तसाच रोखून धरला.

बाहेरून धनेश धावत आला. कल्याणहून उंच शिडी आली होती. "सर, शिडी आलीय! ती वरची 'विजेत्या'ची चूक झाकू का?"

लिफ्टमध्ये किट होतं, समृद्धी होती, पंढरीशेठ होते. सबनीस सरांचा चेहरा लाल झाला होता. तोंड उघडलं असतं तर श्वास घ्यावा लागला असता. त्यांनी फक्त जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून, आणि अकराचं बटण दाबलं.